हरकतीचा अर्धा तास

पंच या जमातीवर माझा जुना राग आहे. का, ते विचारू नका. फुटबॉल बघणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारलंत तरी तो हेच सांगेल. आपली टीम हरली की पंच विकलेला असतो, आणि जिंकली की पंच नावाचा कुणी मैदानात होता हेसुद्धा आठवत नाही. भिसेगावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानासमोर एक लांबलचक बाकडं आहे आणि त्या बाकड्यावर गेली कित्येक वर्षं संध्याकाळी एकच खटला चालतो. आरोपी रोज बदलतो. कधी परदेशातल्या लीगमधला कुणी गोरा, कधी आपल्याकडचा, कधी आमच्याच तालुक्यातला. फिर्यादी मात्र ठरलेले, मी आणि विठ्ठलअण्णा.

अण्णा भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त झालेले. आयुष्यभर यंत्रांच्या घरघरीत बोलत आल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नाही. त्यांचं म्हणणं अगदी साधं. "खेळाडू चुकला तर भायेर बसतो. कोच चुकला तर घरी जातो. पंच चुकला तर काय? पुढच्या रविवारी परत शिट्टी घेऊन हाजर! आता तर टीवीत बघून ठरवतात, तरी चुकतात. त्याला जाब विचारनारा कोन हाय का नाय रं?" मी मान डोलवायचो. माझंही तेच म्हणणं होतं, फक्त माझा आवाज लहान.

तर अशा या बाकड्यावर बसून आम्ही सगळ्या जगातल्या पंचांना जाब विचारत होतो. स्वतःहून जाब द्यायला बसणारा पंच मात्र आयुष्यात एकच भेटला. त्या सुनंदाताई जाधव. त्यांचं आम्ही काय केलं, ते मला सांगून टाकायचं आहे.

आमच्या मंडळाची स्पर्धा भातं निघाल्यावर होते. एक वर्ष पोशीरला, एक वर्ष खालापूरला. पोशीरला कापलेल्या खाचरांचे बांध फोडून मैदान करतात. धसकटं काढली, रोलर फिरवला, तरी जिथं बांध होता तिथं जमीन किंचित उंच राहते आणि बॉल तिथं हमखास उडतो. मंडळाचा सेक्रेटरी मीच. पाच-सहा वर्षांपूर्वी पहिल्याच सामन्याला ठरवलेला पंच आला नाही. फोन उचलेना. दोन्ही टीमा तयार, माणसं ओरडतायत आणि मी घामाघूम. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक बाई चालत आल्या. पस्तिशीच्या, पंजाबी ड्रेस, पायात बूट, खांद्याला पर्स. म्हणाल्या, "मी घेऊ का मॅच? पंचांची परीक्षा पास झालेय मी."

मी म्हटलं, "ताई, ही पुरुषांची मॅच आहे."

"नियम वेगळे आहेत का?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. वेगळे असतील तर माहीत करून घ्यायला हवेत, असा चेहरा होता. मी बाजूला झालो. त्यांनी पर्स उघडली. आत मोजणीची टेप, बिस्किटांचा पुडा आणि शिट्टी असं सगळं एकत्र होतं.

त्या सामन्यात अण्णांनी त्यांना काय काय म्हणून घेतलं! त्यातला 'आंधळी' हा सगळ्यात सभ्य शब्द. सामना संपला. एरवी सामना संपला की पंच चपला हातात घेतो आणि मोटारसायकलकडे पळतो, ही आमच्याकडची पद्धत. ताईंनी मंडपातली एक प्लास्टिकची खुर्ची ओढत मैदानाच्या मध्यावर आणली, बसल्या, वही काढली आणि म्हणाल्या, "अर्धा तास बसलेय. ज्याची हरकत असेल त्याने यावं. एकेकाने."

कुणी हललं नाही. असलं काही आम्ही पाहिलंच नव्हतं. मग त्यांनीच हाक मारली. "अण्णा, तुम्ही या. तुमची हरकत मला मॅचभर ऐकू येत होती."

अण्णा गेले. सगळे बघतायत म्हटल्यावर जाणं भागच होतं. त्यांनी काही बोलायच्या आत ताईंनी विचारलं, "कुठून बघितलंत?" अण्णांनी आंब्याखालची जागा दाखवली. ताई उठल्या, अण्णांबरोबर आंब्याखाली गेल्या, तिथं उभं राहून मैदानाकडे बघितलं. म्हणाल्या, "इथून मलाही फाऊलच दिसला असता. आता माझ्या जागेवर चला." मग त्या अण्णांना मैदानात घेऊन गेल्या. तिथं अण्णांना काय दिसलं कोण जाणे, पण त्या संध्याकाळी बाकड्यावर खटला उभा राहिला नाही.

हे त्यांनी शोधून काढलेलं नव्हतं, त्यांच्या नोकरीतून आलं होतं. त्या जमीन मोजणीच्या खात्यात होत्या. आमच्या भागात जमिनीचे भाव चढल्यापासून वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसं जमतात, आणि ज्याला निकाल पटत नाही तो हरकत नोंदवतो. एकदा माझ्या मेव्हण्याच्या जागेची मोजणी त्यांच्याकडे आली होती. शेजारचा माणूस कोयता घेऊन हद्दीवर उभा. "पाय टाकलात तर बघा," म्हणाला. मेव्हणा मागे सरला, मी मेव्हण्याच्या मागे. ताईंनी त्या माणसाकडे बघितलं, कोयत्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कोयता आणलाच आहात तर ती करवंदीची जाळी तोडा. टेप जात नाहीये." माणूस क्षणभर बावळटासारखा उभा राहिला आणि मग वाकून जाळी तोडायला लागला. मोजणी होईपर्यंत ताई कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. झाल्यावर दोन्ही घरी चहा घ्यायच्या, भांडणं कितीही झालेली असोत.

त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. "कुठून बघितलंत?" आणि "बघितलंत का ऐकलंत?" दुसरा प्रश्न आला की निम्म्या हरकती तिथंच मिटायच्या, कारण आमच्यातले निम्मे लोक शेजाऱ्याचं ऐकूनच बोंबलत असायचे. आणि एक वाक्य ठरलेलं. "उत्तर मिळेल. निकाल बदलणार नाही." वर्षभरात या अर्ध्या तासाची अशी सवय लागली की लोक त्याच्यासाठी थांबायला लागले.

एवढ्यावर आमचं समाधान व्हावं की नाही? नाही झालं. अण्णा म्हणाले, "नुसतं उत्तर घेऊन काय करू? पंच चुकला तर शिक्षा पायजे." मला ते एकदम पटलं. आम्ही दोघांनी बाकड्यावर बसून कागदच तयार केला. एका स्पर्धेत तीन चुका झाल्या की त्या पंचाने पुन्हा आमच्या स्पर्धेत शिट्टी हातात घ्यायची नाही. बैठकीत तो वाचला तेव्हा बाकीच्या पंचांनी एकमेकांकडे बघितलं. ताईंनी तो नीट दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "चूक झाली की नाही हे कोण ठरवणार? मी ठरवणार नाही आणि तुम्हीही नाही. दोन्ही कप्तानांनी वहीत सही केली तर ती चूक." हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने खाली लिहिलं आणि सही केली. दुसऱ्या कुणीही केली नाही. ते पंच आमच्याकडे यायचेच बंद झाले. म्हणजे आमचा तो एवढा मोठा नियम एका माणसाला लागू होता, आणि ते माणूस म्हणजे सुनंदाताई.

मागच्या वर्षीच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत त्यांच्या दोन चुका वहीत चढल्या होत्या. पहिली, दोन भावांनी मध्येच शर्ट बदलले होते आणि लाल कार्ड भलत्यालाच दाखवलं गेलं. त्या भावाच्या घरी त्या दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन आल्या. दुसरी, खांद्याला लागलेला बॉल त्यांनी हाताला लागला म्हणून धरला. दोन्ही वेळा हरकत ऐकली, मोबाइलवर बघितलं आणि स्वतःच कप्तानांपुढे वही सरकवली.

आता उरला अंतिम सामना, पोशीर विरुद्ध खालापूर. मैदान पोशीरचं. आणि ताई पोशीरच्या, तिथल्या बौद्धवाडीतल्या. खालापूरची माणसं आल्या आल्या कुजबुजायला लागली. पोशीरवाले छाती काढून फिरत होते. "आपली ताई हाय, टेन्शन नाय," असं एक जण मला डोळा मारून म्हणाला. एरवी त्या वाडीतल्या कुणाला 'आपलं' म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

ताईंनी दोन्ही कप्तानांना बोलावलं. पोशीरचा महेश आणि खालापूरचा रोशन. म्हणाल्या, "मी याच गावची आहे, दोघांनाही माहीत आहे. हरकत असेल तर आत्ता सांगा, मी बाजूला होते." रोशनने मागे वळून आपल्या माणसांकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमीच घ्या, ताई. दुसरा आनला तर तो उत्तर द्यायला थांबनार नाय."

पहिल्या हाफमध्ये गोल नाही. पण महेशला खालापूरच्या गोलसमोर पाडलं, आणि ताईंनी पेनल्टी दिली नाही. झालं. आमचं बाकडं सगळं पोशीरच्या बाजूचं. मध्यंतरात अण्णांनी मला मंडपामागे गाठलं. "सपष्ट पेनल्टी होती! गावची म्हनून घाबरते ती. लोक बोलतील म्हनून आपल्यालाच मारते." मी म्हटलं, पाय बॉलला लागला होता. ते म्हणाले, तुला काय दिसतंय. मी म्हटलं, तुम्हाला आंब्याखालून काय दिसतंय. असे आम्ही दोघं भांडत राहिलो, हातात चहा, आणि माझ्या दुसऱ्या हातात फक्कीची बादली. चुन्याच्या रेघा पायांनी पुसल्या जातात, त्या मध्यंतरात पुन्हा मारायचं काम माझ्याकडे होतं.

शिट्टी वाजायला दोन मिनिटं राहिली तेव्हा मला बादलीची आठवण झाली. पळत गेलो. पोशीरवाले ज्या गोलकडे आता मारणार होते, तिथली रेघ पार गेली होती. गोलकीपरच्या पायांनी दोन खांबांच्या मधोमध खळगा पडला होता आणि त्यात फक्की धड बसेना. नियम असा की दोन्ही खांबांना दोरी बांधायची आणि दोरीखालून रेघ मारायची. दोरी माझ्या खिशात होती. पण खेळाडू यायला लागले होते, आणि अण्णांना शेवटचं काय सुनवायचं ते माझ्या डोक्यात घोळत होतं. मी खळगा सोडून वीतभर पुढे, सपाट जागेवर, अंदाजाने रेघ ओढली. वीतभर म्हणजे एका बॉलएवढं अंतर. लांबून ती अगदी सरळ दिसत होती.

ताई मधल्या वर्तुळात निघाल्या होत्या. जाता जाता त्यांनी विचारलं, "दिलीपदादा, गोलची रेघ दोरी लावून मारलीत ना?"

"हो ताई, दोरी लावूनच," मी म्हटलं.

सामना संपायला थोडा वेळ होता तेव्हा महेशने मारलेला बॉल त्या बांधाच्या उंचवट्यावर उडाला, गोलकीपरच्या हातातून निसटला आणि घरंगळत रेघेपलीकडे गेला. त्याने झडप घालून तो मागे ओढला. पण ताई जवळ होत्या. बॉल पुरता रेघेपलीकडे गेला की गोल. त्यांनी रेघेकडे बघितलं आणि हात मधल्या वर्तुळाकडे केला. गोल! पोशीरची माणसं मैदानात घुसली. कुणीतरी अण्णांनाच उचलून घेतलं. मी ओरडत होतो, आणि ओरडता ओरडता माझी नजर गोलकडे गेली, कारण ती रेघ कुठं आहे ते मला माहीत होतं.

सामना एक-शून्य संपला. ताईंनी खुर्ची मधोमध आणली आणि बसल्या. त्या दिवशी एकेकाने कुणी आलं नाही. खालापूरची शे-दीडशे माणसं एकदम आली आणि खुर्चीभोवती कडं झालं. त्यांच्या मागे पोशीरचं कडं. मला वाटलं, आता इथं काहीतरी होणार. एका माणसाने खुर्चीच्या पाठीला हात घातला. ताईंनी मागे बघितलं नाही. "रोशन, हरकत सांग," म्हणाल्या.

रोशनच्या हातात मोबाइल होता. त्याने गोलचा व्हिडिओ ताईंपुढे धरला. "ताई, बॉल रेघेच्या पलीकडं हाय, आमाला दिसतंय. पन रेघ खांबात नाय. रेघ म्होरं हाय. बघा तुमी." ताईंनी बघितलं. एकदा, दोनदा. मग उठल्या, पर्समधून टेप काढली आणि गोलकडे चालायला लागल्या. ते सगळं कडं त्यांच्याबरोबर चाललं. त्या खांबाशी गुडघ्यावर बसल्या, टेप धरली, मग दुसऱ्या खांबाशी बसल्या. बोटाने फक्की चाचपली. मी दहा पावलांवर होतो. उठताना त्यांची नजर माझ्यावरून गेली आणि थांबली नाही.

"हरकत बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "रेघ वीतभर पुढे आहे. बॉल खांबांच्या आत पुरता गेला नव्हता. तो गोल नव्हता. दुसऱ्या हाफच्या आधी रेघ तपासणं पंचाचं काम असतं. मी तपासली नाही. चूक माझी."

आता पोशीरवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मघाशी 'आपली ताई' म्हणणारा आता काय म्हणाला ते मी इथं लिहिणार नाही. त्याने वाडीचं नाव घेतलं, एवढं पुरे. ताईंनी ते ऐकलं. वही उघडून लिहिलं, रोशनची सही घेतली आणि वही महेशपुढे धरली.

महेश सही करेना. "ताई, ही तिसरी हाय," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मी सही केली तर तू गेलीस. नाय केली तर ही चूक होतच नाय. तूच लिवलंयस तसं."

"आणि मग तो कप घरी नेऊन काय सांगशील?" ताई म्हणाल्या. "निकाल तुझाच आहे, तो बदलत नाही. पण झालं ते खरं लिहून ठेवायचं. सही कर, महेश."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मध्यंतरात बादली माझ्या हातात होती हे त्यांना पक्कं माहीत होतं. तेही बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. एक वाक्य बोलायचं होतं, 'रेघ मी मारली आणि ताईंना खोटं सांगितलं.' बोललो असतो तर महेशने सही केली नसती, ही चूक पंचाची नव्हे हे सगळ्यांना कळलं असतं. पण ती दोनशे-अडीचशे माणसं माझ्याकडे वळली असती. मी खिशात हात घातला तर हाताला दोरी लागली. मी हात तसाच खिशात ठेवला. महेशने सही केली. ताईंनी वही मिटली आणि अर्धा तास पुरा होईपर्यंत खुर्चीत बसून राहिल्या. आणखी कुणाची हरकत आली नाही.

पंधरा दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी त्यांची मोजणी खालापूरच्या बाजूला कुठं चालली आहे ते विचारत विचारत गेलो. त्या माळावर एकट्याच खुंटा ठोकत होत्या. मी इकडचं तिकडचं बोललो, उन्हाचं बोललो. त्याच म्हणाल्या, "दिलीपदादा, त्या रेघेला दोरी लागली नव्हती. दोरीची रेघ अशी हलत नाही. तिथं हात लावला तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत, ताई?" मी विचारलं.

"मी लोकांना काय विचारते? बघितलंत का ऐकलंत. आणि मी स्वतः ऐकलं. तुम्ही हो म्हणालात आणि मी पुढे गेले. चार पावलं जाऊन बघायला हवं होतं."

"मी सांगतो सगळ्यांना. उद्याच बैठक लावतो."

"ते तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या आणि खुंट्यावर घाव घातला. त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मी बैठक लावली नाही. उद्या, परवा, सण झाल्यावर, असं करत वर्ष गेलं. अण्णा बाकड्यावर येत राहिले, पण आमच्यात परदेशातल्या पंचांवरच बोलणं व्हायचं.

यंदा अंतिम सामना खालापूरला होता. टीमा पुन्हा त्याच. पंच शहरातून मागवलेला, तिशीचा माणूस, चांगला शिकलेला, गाडी घेऊन आला. ताई बायकांमध्ये बसून सामना बघत होत्या. शेवटच्या मिनिटांत त्याने खालापूरला पेनल्टी दिली, गोल झाला आणि शिट्टी वाजली. तो सरळ गाडीकडे पळाला. पण गाडीपुढे महेशची माणसं आधीच उभी होती. बघता बघता गाडीला वेढा पडला. काचेवर एक दगड बसला आणि काच तडकली. तो माणूस दाराला पाठ लावून उभा होता आणि 'नियमाप्रमाणे दिली, नियमाप्रमाणे दिली' एवढंच पुटपुटत होता. पाण्याची बाटली त्याच्या हातात तशीच होती. अण्णा सगळ्यात पुढे होते आणि त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर.

ताई गर्दीतून कशा आत गेल्या ते मला दिसलं नाही. एकदम त्या पंचाच्या शेजारी उभ्या दिसल्या. "अण्णा, खाली बसा," म्हणाल्या. "सगळे बसा. उभ्या माणसाचं मी ऐकणार नाही."

"तू कोन सांगनार? तुझी शिट्टी गेली," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"हो, गेली. म्हणूनच मला माहीत आहे तो का पळाला ते. बसा."

पहिल्यांदा रोशन बसला. मग महेश. मग धुळीत एकेक करून माणसं बसायला लागली. अण्णा गुडघे धरत सगळ्यात शेवटी बसले. ताईंनी विचारलं, "हरकत कोणाची आहे? आधी कोण?"

माझा हात वर गेला. मी ठरवून केला नव्हता. "माझी," मी म्हटलं. "यंदाची नाही, मागच्या वर्षीची." आणि उभं राहून सगळं सांगितलं. चहा, भांडण, खळगा, खिशातली दोरी, ताईंनी विचारलेलं आणि मी सांगितलेलं. महेशने मान खाली घातली. कुणी ओरडलं नाही. मी ओरडण्याची वाट बघत होतो.

ताईंनी कुणाचंही ऐकावं तसं माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "वर्षभर गप्प का बसलात?"

त्या थांबल्या. एवढी माणसं धुळीत बसलेली, समोर तडकलेली काच, पण त्यांना घाई नव्हती.

"घाबरलो होतो, ताई."

"कोणाला?"

समोर अण्णा होते, बाकड्यावरचे आमचे सगळे होते, ज्यांच्याबरोबर मी कित्येक वर्षं घसा फोडून ओरडलो ते सगळे होते. मी त्यांच्याकडे हात केला. "यांना," मी म्हटलं.

ताईंनी मान हलवली. मग त्या शहरातून आलेल्या पंचाकडे वळल्या. "बघितलंत? घाबरणारे तुम्ही एकटे नाही," त्याला म्हणाल्या. "आता पाणी प्या आणि सांगा, पेनल्टी का दिलीत?"

तो पाणी प्यायला. मग तो सांगायला लागला.